देव जवळ वाटत नाही, मग?

आमच्या प्रार्थनासभेच्या ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज येतोच, कधी उघड, बहुतेक वेळा मला पर्सनलवर, की ताई बायबल वाचते, प्रार्थना करते, रविवारी चर्चला पण जाते, पण आधी जसं वाटायचं तसं आता वाटत नाही हो, देव लांब गेल्यासारखा वाटतो. पाठवणारी कधी कॉलेजची पोरगी असते, कधी दोन लेकरांची आई, मागे एकदा तर रिटायर्ड शिक्षक होते. ग्रुपवर टाकलेला असेल तर खाली धडाधड उत्तरं पडतात, हात जोडलेले इमोजी, "प्रभूवर विश्वास ठेव", "अजून जास्त प्रार्थना कर", आणि एक तरी शहाणा असतोच जो लिहितो, "जीवनात काही पाप राहिलंय का तपासून बघ". हे शेवटचं वाचलं की माझं डोकं फिरतं. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी त्या पापवाल्या उत्तराचंच बघू. पापामुळे माणूस देवापासून दुरावतो हे खरंच आहे, बायबलच्या स्तोत्रसंहितेत ३२ व्या स्तोत्रात दावीद राजा सांगतोच की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, आणि ५१ वं, पश्चात्तापाचं, तर आपल्यातल्या निम्म्यांना पाठ असतं. ज्याला आपलं काय चुकलंय ते माहीत आहे त्यानं जाऊन सरळ कबूल करावं, विषय संपला. पण ज्याला शोधूनही काही सापडत नाहीये त्याला उकर उकर म्हणून मागे लागणं हे ईयोबाच्या, म्हणजे काही चूक नसताना सगळं गमावून बसलेल्या त्या बायबलमधल्या माणसाच्या, मित्रांचं काम आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तेवढंच काय ते त्यांनी चांगलं केलं, तोंड उघडलं आणि सगळी माती केली. आता ईयोबालाही देवानं प्रश्नांवर प्रश्न विचारून गप्प बसवलं हे मान्य, पण शेवटच्या ४२ व्या अध्यायात देवाचा राग भडकतो तो कोणावर? राखेत बसून देवालाच जाब विचारणाऱ्यावर नाही भडकत, देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर भडकतो. आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला कोणाला सांगतो तर ईयोबाला! ग्रुपवर सल्ला टाइप करण्याआधी हा अध्याय एकदा वाचावा असं माझं नम्र मत आहे (फार नम्र नाही).

आता "आधी जसं वाटायचं" याच्याकडे येते. हे आधी म्हणजे बहुतेक वेळा कुठलातरी यूथ कॅम्प असतो, किंवा कन्व्हेन्शन, किंवा नव्यानं विश्वासात आल्यावरचे पहिले काही महिने. थंड हवेचं ठिकाण, रात्रीची मीटिंग, लाइट कमी केलेले, कीबोर्डवर मागे हळू काहीतरी चालू, शेजारची रडतेय म्हणून आपल्यालाही भरून येतं, आणि त्या रात्री खरोखर वाटतं की देव हाताच्या अंतरावर आहे. मी याची टिंगल करत नाहीये, माझाही विश्वास अशाच एका रात्री पेटलाय आणि ते खोटं नव्हतं. अडचण नंतर होते. सोमवारी तीच मुलगी बसमध्ये लटकत ऑफिसला निघते, कानात तेच गाणं लावते आणि काहीच होत नाही, मग तिला वाटतं देव गेला. गेली ती भावना. पण आपण चर्चमध्ये इतकी वर्षं साक्षी ऐकल्यात ना, "मला जाणवलं", "मला स्पर्श झाला", त्यामुळे जाणवणं म्हणजेच देव असं डोक्यात घट्ट बसून गेलंय.

यावर मला सगळ्यात जास्त समजावणारा उतारा लूकच्या शुभवर्तमानात २४ व्या अध्यायात आहे, अम्माऊसच्या वाटेवरचा. पुनरुत्थानाच्याच दिवशी, म्हणजे वधस्तंभावर मेलेला येशू परत उठला त्याच दिवशी, दोन शिष्य यरुशलेमेहून त्या गावाला निघालेत, साधारण अकरा किलोमीटरची वाट, एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं दिलेलंच नाही. येशू स्वतः येऊन त्यांच्यासोबत चालायला लागतो आणि त्यांना पत्ता नाही! तोंडं उतरलेली, आणि ते त्यालाच सांगतायत की आम्हाला आशा होती बाबा, की हाच इस्राएलची मुक्तता करणार. होती. इतिहासात त्या दिवशी देवाच्या सगळ्यात जवळ कोण होतं असं विचारलं तर या दोघांचं नाव घ्यावं लागेल, आणि त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते सगळं संपलंय. वाटेत तो त्यांना मोशेपासून सगळे संदेष्टे उलगडून सांगतो तरी ओळख पटत नाही, ओळख पटते ती घरी जेवायला बसल्यावर, भाकर मोडताना, आणि ओळखलं रे ओळखलं की तो दिसेनासा होतो. मग दोघं एकमेकांना म्हणतात की वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं मन आतून उकळत नव्हतं का. म्हणजे जाणवलं ते नंतर, मागे वळून बघताना. सोबत तर अख्खी वाट होती. माझं स्वतःचंही असंच आहे, देव कुठे कुठे होता हे मला बहुतेक वेळा सहा महिन्यांनी वगैरे कळतं, त्या क्षणी मी गॅस बंद केला का याच विचारात असते.

बरं, हे कळलं म्हणून कोरडेपणा जातो का, तर नाही जात. मग त्यात करायचं काय? इथे स्तोत्रसंहिता उघडायची. आपण १५० पैकी ठरावीक सात-आठच वाचतो, २३ ("परमेश्वर माझा मेंढपाळ आहे"), २७, ९१, १२१, १०३, आजारपणात एक, प्रवासाला निघताना एक. पण त्या पुस्तकात तक्रारीची, रडण्याची, देवाला "कोठवर?" विचारणारी स्तोत्रं ढीगभर आहेत, दुसऱ्या कुठल्या प्रकारची नसतील इतकी. १३ वं बघा, फक्त सहा वचनं, सुरुवातीलाच चार वेळा "कोठवर", तू मला विसरलास, तू तोंड लपवतोस. आणि ८८ वं तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, संपतं ते अंधार या शब्दावर. एखाद्या पाळकांना रविवारी त्याच्यावर संदेश द्या म्हणा, घाम फुटेल. पण ते पवित्र शास्त्रात आहे, कोणीतरी ते जपून ठेवलं, मंदिरात म्हटलं. याचा अर्थ तसं म्हणणं ही पण उपासनाच.

४२ वं स्तोत्र आपण गातो ते हरिणी आणि पाण्याच्या प्रवाहापर्यंत, चाल गोड आहे, डोळे मिटून म्हणतो. पुढे वाचलंय का? त्या माणसाला रात्रंदिवस आसवंच अन्न झालीत, लोक त्याला विचारतायत तुझा देव कुठंय, आणि त्याला आठवतं काय, तर आपण कसे लोकांच्या मेळ्याबरोबर, त्यांच्या पुढे, गात गात देवाच्या घराकडे जायचो. म्हणजे हेच की, आधी जसं वाटायचं! वरती शीर्षकात कोरहपुत्रांचं नाव आहे, आणि कोरहाच्या घराण्यातले लोक मंदिरात गायचे. आजच्या भाषेत क्वायरमधला माणूस. सगळ्यांना गायला लावणारा माणूस यरुशलेमेपासून लांब, वर उत्तरेला यार्देनेच्या आणि हर्मोनाच्या मुलखात कुठेतरी अडकलाय, आणि स्वतःच्याच जिवाला विचारतोय की तू का खिन्न झालास, आतल्या आत का तळमळतोस, देवाची आशा धर. हे ध्रुवपद ४२ मध्ये दोनदा येतं आणि ४३ मध्ये परत एकदा. एकदा म्हणून भागलं नाही त्याचं. मला हे तीनदा म्हणणं फार आवडतं, कारण आपण एकदा स्वतःला समजावतो आणि चहा होईपर्यंत परत तिथेच येऊन बसतो.

आमच्या गुरुवारच्या सभेत एक मामा यायचे. म्हातारे, पांढरा लेंगा शर्ट, जुन्या नगरकडचे. त्यांची प्रार्थना कायम एकच, "हे परमदयाळू स्वर्गीय बापा" पासून सुरू करून पाऊसपाणी, एसटीनं प्रवास करणारे, सीमेवरचे जवान, दवाखान्यातले पेशंट, आणि शेवटी "या घरच्या अन्नदात्याला" पर्यंत, शब्द न शब्द ठरलेला, आमची पोरं तर ओठ हलवून सोबत म्हणायची आणि हसायची. मामी गेल्या त्यानंतरच्या सभेला मामा आले, दारात चपलांच्या ढिगाऱ्यात चप्पल नीट बाजूला लावून ठेवली, नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसले. त्यांची पाळी आली तर म्हणाले, आज माझ्याकडं शब्द नाहीत, कुणीतरी स्तोत्र वाचा. सगळ्यांचे हात एकदम बायबलच्या मध्यावर, पानं फडफडली, आणि कुणीतरी "परमेश्वर माझा" एवढं म्हणेपर्यंत मामा बोलले, "तेवीसावं नको. आज नको." खोलीत कोणाला काय वाचावं सुचेना. मग एका ताईंनी तेरावं काढलं आणि हळू वाचलं, तू मला कोठवर विसरणार. मामा मान डोलवत होते, कीर्तनात डोलवतात तशी. पुढच्या गुरुवारी परत पाऊसपाणी, एसटी, जवान, सगळं जसंच्या तसं. तेव्हापासून मी त्या ठरलेल्या प्रार्थनेला हसत नाही. आणि हो, गेथशेमाने बागेत येशूनंही तिसऱ्यांदा जाऊन तेच शब्द पुन्हा म्हटले असं मत्तयानं लिहून ठेवलंय, त्यामुळे रोज नवीन शब्द सुचले पाहिजेत हे ओझं कोणी स्वतःवर घेऊ नये. येशूनं मना केली ती बडबडीला, पुष्कळ बोललं की देव ऐकतो अशा समजुतीला.

आणि आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी तर देवाशी भांडायला लाजायचं कारणच नाही, आपल्या मातीतच ते आहे. तुकोबा विठ्ठलाला काय काय बोललेत, किती रुसलेत, किती वाट बघितलीय. रेव्हरंड टिळक, आपले ना. वा. टिळक, स्वतः म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. करजगावचा हा चित्पावन ब्राह्मण कवी, १८९३ साली रेल्वेत एका इंग्रज प्रवाशानं हातात नवा करार ठेवला, ते वाचत राहिले, आतल्या आत झगडत राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लगेच मागे गेल्या का? अजिबात नाही, ताटातूट झाली, रडणं झालं, त्या आपल्या चालीनं आल्या, पाचेक वर्षांनी. एकाच घरातल्या दोन माणसांचं देवाकडे जाण्याचं स्पीड इतकं वेगळं. आणि टिळकांची पदं आपण "उपासना संगीत" या गीतपुस्तकातून म्हणतो ना, त्यातली ओढ बघा, ख्रिस्त मिळाला म्हणून निवांत झालेल्या माणसाची ती भाषा नाही. आजही नगरकडच्या खेड्यांत पेटी, तबला, टाळ घेऊन लोक ती पदं म्हणतात तेव्हा स्क्रीनवर लिरिक्स लागत नाहीत कोणाला.

रेल्वेवरून आठवलं, मदर तेरेसांनाही त्यांचं मोठं बोलावणं रेल्वेतच आलं, १० सप्टेंबर १९४६, दार्जिलिंगला जाताना. (आपल्या देशात देवाला रेल्वे का आवडते कोण जाणे, रिझर्व्हेशन मिळतं बहुतेक.) त्या बोलावण्यानंतर त्यांनी कलकत्त्यात काम सुरू केलं आणि तेव्हापासून जवळपास मरेपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, त्यांना आतून देव जाणवतच नव्हता. हे जगाला कळलं त्या गेल्यावर दहा वर्षांनी, २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रं छापली तेव्हा. किती लोकांनी तेव्हा म्हटलं की म्हणजे सगळं नाटक होतं. मला उलटं वाटलं. पहाटे उठून चॅपलमध्ये गुडघ्यावर बसायचं, काहीच जाणवत नसताना, आणि मग उठून मरायला टेकलेल्या माणसाचं अंग पुसायला जायचं, हे जवळपास पन्नास वर्षं. याला जवळीक म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

पण सगळ्यांनाच मदर तेरेसांचा दाखला लावू नये, हेही सांगते. कधीकधी कारण फार साधं असतं. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा बघा, आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवून आलाय, एवढी मोठी मीटिंग झाली, आणि ईजबेल राणीचा मारून टाकीन असा एक निरोप आला तर जीव घेऊन पळाला, बैरशेबाच्या पलीकडे रानात रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो आता पुरे, मला मरू दे. देवदूत त्याला काय सांगतो? उपास धर म्हणत नाही, रात्रभर जागून प्रार्थना कर म्हणत नाही. ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो, परत झोपतो, देवदूत परत उठवून परत खायला घालतो. मग कुठे चाळीस दिवस चालून होरेब डोंगर, आणि तिथे वारा, भूकंप, अग्नी या कशातच परमेश्वर नाही, नंतर ती शांत, मंद वाणी. नाइट शिफ्ट करून, तान्हं बाळ सांभाळून, सासूबाईंचं पथ्यपाणी करून जी विचारते ना की प्रार्थनेत मन का लागत नाही, तिला मी आधी विचारते की झोपतेस किती. आणि महिनोन्‌महिने रडू थांबत नसेल, जगावंसं वाटत नसेल तर डॉक्टरांकडे जायचं, घरच्या माणसाला सोबत घेऊन, आज. प्रार्थना चालू राहू दे, डॉक्टरही चालू राहू देत. यात विश्वास कमी पडतो असं कोणी म्हणालं तर त्याला वरचा रतामाच्या झुडपाचा प्रसंग वाचायला द्या.

राहिला प्रश्न रोज काय करायचं. "आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे" असं येशूनं सांगितलंय, पण वन बीएचकेमध्ये पाच माणसं असताना खोली आणायची कुठून. माझी खोली म्हणजे किचन, दूधवाला यायच्या आधी, ओट्यावर एका बाजूला रात्रीची भिजवलेली मटकी आणि एका बाजूला बायबल, मोबाइल मुद्दाम हॉलमध्ये चार्जिंगला. ॲपवर वाचत नाही मी, ॲप चांगलं आहे पण वरून बँकेचा मेसेज टपकतो आणि मी स्तोत्रातून थेट ईएमआयवर. येशू स्वतः पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जायचा, मार्क १:३५, आणि आदल्या संध्याकाळी काय झालं होतं तर अख्खं कफर्णहूम गाव दारात जमलं होतं. म्हणजे कामाचा डोंगर त्यालाही होताच, आणि त्या पहाटेसुद्धा त्याचा शिष्य शिमोन शोधत आलाच की सगळे तुला शोधतायत. एकांत मोडतो. मोडू द्यावा.

आणि वाचायचं कसं, तर आवडीचं निवडत बसायचं नाही. सासूबाईंचं माहेर जुन्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, मंडळीतलं, त्यांच्या प्रार्थनापुस्तकातली एक पद्धत त्यांनी मला लावून दिली. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात १५० स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिलीत, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. एक तारखेला सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८, असं. मोठ्यानं वाचायचं, निदान पुटपुटायचं. याचा फायदा असा की आपला मूड काय आहे हे कोणी विचारत नाही. आपण आनंदात असलो तरी सतरा तारखेला सकाळी ८८ वं येतं आणि कळतं की आज कोणीतरी दुसरं अंधारात बसलेलं असणार, तिच्यासाठी म्हणायचं. आपण खचलेलो असलो तरी तीस तारखेला १५० व्या स्तोत्रातल्या झांजा वाजतातच. आणि चार तारखेला संध्याकाळी २२ आणि २३ एकापाठोपाठ येतात, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास", जे येशूनं वधस्तंभावर म्हटलं, आणि ते संपलं की लगेच मेंढपाळाचं. नुसतं तेवीसावं वाचायची सवय मोडली ना की ते तेवीसावं वेगळंच वाचलं जातं, त्यातली मृत्युछायेची दरी मग कॅलेंडरवरची सजावट राहत नाही.

रोज काही जाणवेल याची गॅरंटी मी देत नाही. मलाही बहुतेक दिवशी काही जाणवत नाही. "देवाजवळ या म्हणजे तो तुमच्याजवळ येईल" असं याकोबानं आपल्या पत्रात लिहिलंय, ४:८, त्यात येईल म्हटलंय, येताना अंगावर काटा येईल असं म्हटलेलं नाही.

ज्यांना सुरू करायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. चोवीस तारखेच्या संध्याकाळपासून ११९ वं सुरू होतं, १७६ वचनं आहेत, सव्वीसच्या संध्याकाळपर्यंत तेच चालतं, तिथे बरेच जण गळतात, आधीच सांगून ठेवते. आणि एकतीस तारखेला काय असं एकीनं विचारलं होतं, तर तीस तारखेचीच परत म्हणायची. फेब्रुवारीत अठ्ठावीसला थांबायचं, उरलेली राहू द्यात, मार्चमध्ये येतीलच.